पुसेगाव, शके १८७८

एप्रिल १९५६. चैत्र पाडव्याची सकाळ. तुम्ही पुसेगावात एका माळवदाच्या घराच्या ढेलजेत उभे आहात आणि डोक्यावर पदर घेतलेली एक आजी तुमच्या तळहातावर हिरवट गोळी ठेवते. कडुलिंबाची कोवळी पालवी, फुलोरा, ओवा, मीठ, चिंच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि नावापुरता गूळ. गोळी तुमच्या तोंडात जाईपर्यंत ती समोरून हलत नाही.

“थुकायचं न्हाई लेकरा. वर्षाचं पहिलं औषध हाय.”

तुमचा पत्ता आता परभणी जिल्हा, हैदराबाद राज्य असा आहे. निजामाची सत्ता जाऊन साडेसात वर्षं झाली आहेत. हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावं लागेल, आणि पुसेगाव आज ज्या तालुक्यात मोडतं तो सेनगाव तालुका अजून झालेला नाही. संत नामदेवांची नर्सी याच मुलखातली. शिवारात ज्वारी, तूर, कापूस. सोयाबीन हा शब्दसुद्धा इथं कोणी ऐकलेला नाही. वर्षभर तुम्ही याच घरात राहणार आहात, आणि कुणी आजारी पडलं की घर आधी कुठं वळतं ते पाहणार आहात.

आधी परसात वळतं. न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं तिथं एक चिंचोळी ओल बारा महिने टिकते आणि त्या ओलीवर सगळं पोसलेलं असतं: आलं, अळू, थोडी हळद, कोरफड, डाळिंबाचं झाड, तुळशी. मुद्दाम पाणी घालावं इतकं पाणी उन्हाळ्यात आडालाही नसतं. कुंपणाला अडुळसा आहे, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पडवीतलं पोर रात्रभर खोकलं की सकाळी त्याच कुंपणाची चार पानं विस्तवावर गरम होतात, पिळली जातात, मधातून चाटवली जातात. १९६३ मध्ये बाजारात आलेलं ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच घडवलेलं आहे. आजीला व्हॅसिसीन माहीत नाही. पण घरातली सून अडुळशाकडं हात नेते तेव्हा ती तिथल्या तिथं अडवते: “दोन जिवांच्या बाईला द्यायचा न्हाई.” गर्भाशयावर अडुळशाचा परिणाम होतो हे पुढं प्रयोगशाळेनंही सांगितलं. कुठलं पान घ्यायचं हे पुष्कळांना माहीत असतं. ते कधी घ्यायचं नाही हे सांगणारं माणूस घरात असणं, ही मला या वर्षातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

वैशाखात फारसं काही पिकत नाही, सगळं जपायचंच असतं. माठात वाळ्याची जुडी, पाहुण्याला कैरीचं पन्हं, शेतावर निघालेल्याच्या मुंडाशात कांदा. एका घराच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधलेला दिसला की तुम्हाला कुणीतरी हाताला धरून मागं ओढतं. आत देवीचा रोगी आहे. पाराजवळ एक माणूस पायातून निघालेला नारू काडीला गुंडाळत बसलाय, रोज बोटभर, तुटू न देता. या दोन्हींवर गावाकडं औषध नव्हतं, डहाळा आणि काडी होती. देवी लशीनं गेली. नारू पाणी गाळून पिण्यानं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्यानं गेला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

मृगाचं पाणी पडतं आणि काळी माती पायाला किलोकिलोनं चिकटायला लागते. आता आजी तुम्हाला धुऱ्यावर नेते.

बाहेरच्या माणसासाठी धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, नांगराच्या तावडीतून सुटलेली चार हात पट्टी. आजीसाठी तो आषाढ-श्रावणाचा कोठा आहे. ती चालता चालता वाकते, खुडते, ओट्यात टाकते आणि बोलत राहते. तरोटा, ज्याला पश्चिमेकडं टाकळा म्हणतात, तो दोन-चार पानांचा असतानाच घ्यायचा, मोठा झाला की उग्र होतो. त्याच्या बिया पुढं नायट्याला लागतात, म्हणून दोन झाडं तशीच सोडायची. केना भज्यांना. घोळीची भाजी डाळ घालून. कुरडूची पालवी परतून. करटुलं काटेरी वेलाखाली लपलेलं असतं, त्याचा गड्डा उपटायचा नाही, पुढच्या साली तिथंच येतो. भुईआवळी ओळखायची तर पान उलटायचं, मागं मोहरीएवढी फळं लोंबत असतात. कावीळ झाली की गाव तिच्याकडं धावतं. आघाडा काट्यांनी लुगड्याला चिकटतो तो असा, म्हणून दाखवते. माका ओढ्याच्या कडेला, निर्गुडी त्याच्या वर. निर्गुडीचा पाला गरम करून सुजलेल्या गुडघ्यावर बांधतात, वाळवून धान्याच्या कणगीत घालतात. रुईचं पान तेल लावून टाचेला.

“आन हा?” तुम्ही एका पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलाकडं बोट दाखवता.

“धोतरा. त्याला हात लावला तर हात धुवायचा. म्हादेवाला वाहायचा, माणसाला न्हाई.”

तुम्हाला वाटतं हे शिक्षण आहे. घरी आल्यावर कळतं की ही संध्याकाळची भाजी आहे. रानभाजी आणि औषध यांच्यात या घरानं रेघ ओढलेली नाही. ज्या महिन्यांत कणगी तळाला जाते, त्याच महिन्यांत धुरा भरतो, आणि वर्षभर भाकरी-वरणावर राहिलेल्या अंगाला हिरवा पाला मिळतो. माझ्या मते त्या काळच्या घरगुती औषधातला मोठा वाटा हाच होता. काढ्यांची नावं लोकांच्या लक्षात राहिली, ताटातला तरोटा विसरला गेला.

भाद्रपदात हीच शाळा पुन्हा भरते. गणपतीच्या पत्रीसाठी पोरं आघाडा, माका, दूर्वा, डोरली, शमी, रुई, अर्जुन शोधत हिंडतात. सगळी एकवीस इथल्या रानात मिळतातच असं नाही. देवदार कुठून येणार? पण दहा-बारा झाडं तरी प्रत्येक पोराला पानावरून ओळखता येतात.

आता घरात बाळ आहे. सुनेची सुटका श्रावणाच्या तोंडाला झाली. सुईण रात्री आली ती गावकुसाबाहेरून. तिनं आडवं आलेलं मूल पोटावरून हात फिरवून सरळ केलं, नाळ कापली, बाईला धीर दिला, बाळंतशोपांची धुरी कशी द्यायची ते सांगितलं. सकाळी तिला लुगडं आणि पायलीभर ज्वारी मिळाली, आणि चहा मिळाला तो दाराबाहेर, वेगळ्या कपात. घराच्या आतल्या खोलीपर्यंत जिचा हात चालतो तिला दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडता येत नाही. हेही या औषधाच्या इतिहासात लिहिलं पाहिजे. गावातली पुष्कळ जाणकारी ज्यांच्याजवळ होती त्यांना गावानं लांब ठेवलं होतं: सुईण, रानातून मुळ्या आणणारी तांड्यावरची बंजारा बाई, सुया-पोत-बिब्बे विकत फिरणारी वैदीण, डोंगरातला आंध आदिवासी. पुढं ऑक्टोबरच्या १४ तारखेला, दसऱ्याला, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर धम्मदीक्षा घेतील. सुईणीच्या वस्तीतही ती बातमी पोचेल आणि तिथं बोलण्याचा सूर बदलेल. तुम्ही आहात त्या वाड्यात त्यावर कोणी मोठ्यानं बोलणार नाही.

बाळाची गुटी सुरू होते. लाल फडक्याच्या पुरचुंडीतून आजी एकेक काढते: वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकून प्रत्येकाचे वेढे मोजून उगाळते. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा अर्धा. पोट दुखत असेल तर मुरुडशेंग जास्त, झोप नसेल तर जायफळ, तेही अगदी नखाला लागेल इतकंच. या पुरचुंडीतलं निम्मंअधिक पुसेगावच्या मातीतलं नाही. अतिविष हिमालयातलं, ज्येष्ठमध पश्चिम आशियाकडून येणारा, जायफळ समुद्रकाठचं. हिंगोलीच्या बाजारात, मीटरगेज रेल्वेनं आलेल्या पोत्यांतून ते काष्ठौषधीच्या दुकानात पोचलं आणि तिथून या फडक्यात. आपल्या आजीचा बटवा जगापासून तुटलेला होता असं समजणं चूक आहे.

आज मात्र ही गुटी तान्ह्याला देऊ नका. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वेखंडातल्या काही द्रव्यांबद्दल शास्त्रज्ञांना काळजी आहे. सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जातात ते वेगळंच.

त्याच श्रावणाच्या झडीत समोरच्या घरातलं आठ महिन्यांचं मूल आजारी पडतं. हगवण लागते. तुम्ही आजीबरोबर जाता. तिनं डाळिंबाची साल आणली आहे, कुड्याची साल आणली आहे, बेलफळाचा गर आणला आहे. तिचं काहीही चुकत नाही. आजही आयुर्वेदात अतिसारावर हीच नावं येतात. मूल दुपारपर्यंत रडतं, मग रडायचं थांबतं. संध्याकाळी त्याची टाळू खोल गेलेली दिसते. कुणीतरी टाळूवर तेल थापतं. कुणीतरी म्हणतं पाणी देऊ नका, पाण्यानं आणखी लागेल. गाडी जुंपून दवाखाना गाठायचा तर वाटेतला ओढा भरून वाहतोय आणि चाकं आऱ्यापर्यंत काळ्या चिखलात. पहाटे मूल जातं.

आजी परत आल्यावर बराच वेळ चुलीपाशी बसते. १९५१ च्या जनगणनेच्या सुमारास या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. तो आकडा अशाच घरांतून तयार झालेला होता, आणि अशा घरांत परस हिरवंगार असायचं. त्या मुलाला जे हवं होतं ते महाग नव्हतं, परदेशीही नव्हतं. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि ते घोटघोट पाजत राहण्याचा धीर. पंधरा वर्षांनी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचे हजारो रुग्ण वाचवले आणि मग ही रीत जगभर गेली. मीठ आजीच्या गाडग्यात होतं, गूळ उतरंडीत होता. फक्त पाणी द्यायचं की तोडायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. जुन्या घरगुती औषधाचे गोडवे गाणाऱ्या कुठल्याही लेखात हे मूल यायलाच हवं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जुवाखाली रगडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, गरम पाण्यानं शेकतात. घरातल्या माणसांच्या खांद्यांना इतक्या मायेनं कुणी हात लावत नाही.

दिवाळीत धनत्रयोदशीला पुन्हा कडुलिंबाची पानं, या वेळी धन्वंतरीच्या नावानं, साखरेबरोबर. तिच्या मागोमागच, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात जातो. उटणं लावून अभ्यंग करणाऱ्या घरात हा बदल फार हळू शिरतो. उटण्यात नागरमोथा आहे, तो याच ओढ्याच्या काठचा. कार्तिकात आवळीखाली जेवण होतं आणि उरलेले आवळे किसून, मीठ लावून माळवदावर वाळत पडतात.

मार्गशीर्ष-पौषात थंडी टाचांतून वर येते. भेगांना बिब्बा. आजी दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर धरते, काळं तेल सुटतं, ते नेमकं भेगेत सोडते. तुमच्या मनगटाला एक थेंब चुकून लागतो आणि तिसऱ्या दिवशी तिथं फोडांची माळ उठते. “उतला तुला,” ती म्हणते, आणि खोबरेल लावते. काहींच्या अंगावर बिब्बा असा उततो की तोंड सुजून डोळे मिटतात. आज कातडीचे डॉक्टर तो टाळायलाच सांगतात आणि मलाही तेच योग्य वाटतं. पण त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी काय चवीची असते! हात पोळून घेत बायका ती फोडतात, आणि डिंक, मेथी, खारीक, अळीव यांच्याबरोबर ती लाडवात जाते. डिंक धुऱ्यावरच्या बाभळीचा. बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना, नांगरट करून आलेल्या गड्याला सकाळी एकेक लाडू. थंडीतली ताकद म्हणतात ती हीच.

माघ संपता संपता हळद निघते. विहिरीच्या पाण्यावर जपलेला एवढासा वाफा, गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेला. पानं पिवळी पडून लोळली की कुदळीनं खणायचं. जेठे गड्डे बियाण्याला बाजूला, हळकुंडं शिजवायला. कढईत पाणी उकळतं, पानांनी झाकण घालतात, वाफेला मातीचा आणि कापराचा मिळून वास येतो. काडी आरपार गेली की शिजली. मग दहा-पंधरा दिवस ऊन, आणि गोणपाटावर घासून वरची साल काढणं. तुम्ही घासता. तळहात आठवडाभर पिवळे राहतात. एक हळकुंड गुटीच्या पुरचुंडीत, काही लग्नघरासाठी, बाकीची कांडून वर्षभराच्या डब्यात. विळ्यानं कापलं की त्याच डब्यातली चिमूट जखमेवर दाबतात.

या चिमटीवरून चाळीस वर्षांनी अमेरिकेत भांडण झालं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना हळदीनं जखम भरून आणण्याबद्दल पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक, गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ‘आमच्या घराघरांत हे करतात’ एवढं सांगून भागलं नाही; लिहिलेलं, छापलेलं दाखवावं लागलं. पुराव्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेख होता. तुम्ही पुसेगावला पोचण्याच्या तीन वर्षं आधीचा. आजी पेटंट कार्यालयात साक्षीला उभी राहू शकली नसती. तिनं कुठं काही लिहून ठेवलेलंच नव्हतं.

फाल्गुनात पळस पेटतो. त्याची फुलं रात्रभर पाण्यात, सकाळी केशरी पाण्यानं अंघोळ, म्हणजे उन्हाळा बाधत नाही म्हणतात. इथं तुमचं वर्ष पुरं होतं.

आता आजच्या पुसेगावच्या शिवारात उभे राहा. हिंगोली जिल्हा हळदीचा म्हणून ओळखला जातो. वसमतला हळदीचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विहिरीवरचा एवढासा वाफा एकरांनी वाढला, याचा मला मनापासून आनंद आहे. रस्ता डांबरी आहे. पाऊस असला तरी आजारी मूल गाडीतून दवाखान्यात पोचतं, आणि या एका गोष्टीसाठी मी जुन्या काळात कुणालाही परत पाठवणार नाही.

धुरा मात्र शोधावा लागतो. ट्रॅक्टरच्या फाळानं दोन्ही बाजूंनी कोरून तो वीतभर राहिला आहे, आणि सोयाबीनवर मारलेलं तणनाशक त्याच्यावरही पडतं. तरोटा, घोळ, केना, आघाडा या सगळ्यांना आता एकच नाव आहे: तण. जिथं औषध मारलं आहे तिथली भाजी खुडून खाताही येत नाही. दुसरीकडं शहरातली माणसं गुळवेलीचे डबे विकत घेऊन महिनोन्‌महिने रिकाम्यापोटी पितात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. वेल दुसरीच असावी असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. खरं काय ते तज्ज्ञ ठरवोत. लिंबावरची वेल ओळखून, तापात चार दिवस देऊन थांबणारी आजी त्या डब्याबरोबर येत नाही, एवढं मात्र नक्की.

म्हणून तुमचं शेत असेल तर या मृगाला एका धुऱ्यावर तणनाशक मारू नका. एकाच. शेजाऱ्याशी बोलून तो दोन्हीकडून नांगरायचा थांबवा. श्रावणात घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिथं घेऊन जा, ती जी नावं सांगेल ती तिच्याच बोलीत वहीत लिहा, शेजारी पान चिकटवा, आणि काय कुणाला द्यायचं नाही हे आधी लिहा. परसात अडुळसा, हळद, आलं, तुळस लावा, सांडपाण्यावर येतात. आणि घरातल्या बाळाला जुलाब लागले तर पहिल्या तासातच मीठ-साखरेचं पाणी सुरू करा, दूध तोडू नका, आणि दवाखान्यात न्या.